छन्न वाजलं तर थांबायचं

मे महिन्यात दुपारी दीड वाजता कामठी रोडवर, कन्हानच्या पुलाच्या अलीकडे, भर उन्हात गाडीला किक मारत उभं राहणं काय असते हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. डोक्याला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, हेल्मेटात घामाचा पाट, चपलेच्या खालून डांबर भाजून राहिलंय, आणि गाडी ढिम्म. खट्, फुस्स. खट्, फुस्स. पाच मिनिटाआधी हीच गाडी साठच्या स्पीडनं गुमान आली होती, मी फक्त एका दुकानदाराचा फोन घ्यायला कडेला थांबलो आणि बोलताना आवाज नको म्हणून चावी बंद केली, बस, तेवढाच माझा गुन्हा.

चाळीसेक किका मारल्या असतील. पोटरी भरून आली तेव्हा नाद सोडला, बाजूच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो, बाटलीतलं पाणी प्यायलो (तेही चहाइतकं गरम), घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि वरून शिव्या खाल्ल्या, आणि मग उठता उठता उगाच एक किक मारून पाहिली तर पहिल्याच किकमध्ये चालू. जसं काही झालंच नाही.

ही गाडी बाबांची. १९९९ ची, शंभर सीसी, सेल्फबिल्फ काही नाही, नुसती किक. बाबा कन्हानच्या पलीकडच्या एका गावात मास्तर होते, नागपुरातल्या महाल भागातून रोज जाणं-येणं, ऊन असो का पाऊस. रिटायर झाल्यावरही चालवत होतेच, पण मागच्या दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गुडघ्यांनीही हात टेकले, तेव्हा चावी माझ्याकडे आली. माझी स्कूटर बायको नेते ऑफिसला. माझं काम फिरतीचं, कृषी केंद्रांमध्ये जाऊन बियाण्यांच्या न् औषधांच्या ऑर्डरी घ्यायच्या, कामठी, कन्हान, मनसर, रामटेक हा पट्टा, म्हणजे बाबांचाच रस्ता आणि त्याच्या थोडं पुढे. म्हटलं बरं झालं, जुनी आहे पण ॲव्हरेज मस्त देते, सकाळी पहिल्या किकमध्ये उठते, अजून काय पाहिजे.

हिवाळ्यात काहीच कळलं नाही. मार्चमध्ये एकदा, एप्रिलमध्ये तीनदा, आणि मे लागला तसं रोजचंच. हळूहळू त्यातला पॅटर्न लक्षात आला. गाडी थंड असेल तर काहीच त्रास नाही. चालू असताना बंद पडत नाही. गरम असताना बंद करून लगेच, म्हणजे अर्ध्या मिनिटात, किक मारली तरी चालू होते. पण बंद करून पाच-सात मिनिटं थांबलं की मेली. आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की परत जिवंत. माझ्या कामात दुकानदारासोबत बोलायला नेमकी दहा मिनिटं लागतात. दुकानातून बाहेर यायचं आणि दुकानदार काउंटरवरून आपली किकबाजी पाहून राहिलाय, याच्यासारखी बेइज्जती नाही.

मेकॅनिककडे नेली. तुम्हाला माहीतच आहे काय झालं असेल. लेकराला दवाखान्यात नेलं की ताप उतरतो, तसं. माझा नंबर यायला तास लागला, तोवर गाडी थंड, त्यानं एक किक मारली, चालू. "कुछ नहीं है भैया, बढ़िया तो चल रही है." मी म्हटलं भाऊ, गरम झाल्यावर पाह्य ना. तो म्हणे गरम करून आणा. म्हणून एकदा मुद्दाम रिंगरोडवरून दहा किलोमीटर पळवून नेली तर तो जेवायला गेलेला.

मग अंदाजपंचे दाहोदरसे सुरू झालं. आधी प्लग बदलला. दोन दिवस गाडी चांगली राहिली, मी खूश, तिसऱ्या दिवशी मनसरला तेच. मग कार्बोरेटर खोलून जेट साफ, फ्लोट सेट, परत दोन दिवस चांगली. मग दुसऱ्या एकानं सांगितलं सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट सोडणारा डबा) गेला असेल, तो नवा टाकला, सहाशे रुपये, परत दोन दिवस. फार नंतर माझ्या लक्षात आलं की त्या दोन-दोन दिवसांत मी गरम गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलोच नव्हतो, नवीन पार्ट टाकला या आनंदात सरळ घर गाठत होतो.

चौकातल्या टपरीवर सल्ल्यांचा तर पाऊस. एक म्हणे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून राहिले, आता वीस टक्क्यांवर गेलं, जुन्या गाड्यायले पचत नाही. दुसरा म्हणे पेट्रोलची वाफ होते. हा वाफेचा मुद्दा तसा अगदीच हवेतला नाही. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, त्यात हलके-जड बरेच घटक असतात आणि त्यातले सगळ्यात हलके चाळीस डिग्रीच्या आतबाहेरच उकळायला लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस. गाडी बंद केली की इंजिनची धग कार्बोरेटरला लागते, आतलं पेट्रोल खदखदते आणि वाफ न् थेंब दोन्ही आत इंजिनात जाऊन बसतात, गाडी ओव्हर होते. अशा वेळी चोक ओढला की अजूनच वाट लागते, उलट ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि चार-पाच किका मारायच्या, म्हणजे हवा जास्त जाऊन आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जाते. हे मी केलं. दहा वेळा केलं. काही नाही.

शेवटी बाबांना विचारलं. ते कूलरसमोर खुर्चीत पेपर वाचत होते.

"बाबा, गाडी गरम झाली की चालू नाही होऊन राहिली."

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "होते. घाई नाही कराची."

मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. मी पुढे विचारलंच नाही.

नवतपा सुरू झाला, मेची पंचवीस तारीख. नवतपा म्हणजे रोहिणीत सूर्य आल्यावरचे नऊ दिवस, बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्यात, दुपारी बर्डीच्या बाजारातही माणूस दिसत नाही. आणि माझी गाडी बरोबर कन्हानच्या एका रसवंतीसमोर मेली. आधी मी दुरून तिथं पाहत असायचो पण कधी थांबलो नव्हतो. चार किका मारल्या, पाचवी मारणार तर चरकावरचा माणूस तिथूनच ओरडला, "मास्तरची गाडी ना हे? बसा ना भाऊ आतमंदी. पंचवीस मिनिटं लागते तिले."

मी जागीच थबकलो. तीन मेकॅनिक, हजार-बाराशे रुपये, आणि रसवंतीवाल्याला गाडीचा टाइम पाठ.

बसलो. त्यानं बरफ टाकून रस दिला आणि मग सांगत गेला. मास्तर रोज शाळा सुटल्यावर थांबे. पहिले दहा मिनिटं थांबे, मंग पंधरा, मंग काही वर्षानं पंचवीस. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन इंजिनच्या फासळ्यावर दोन थेंब टाके. छन्न वाजलं की म्हणे, आण अजून एक ग्लास. नाही वाजलं की दुपट्टा बांधे अन् निंघे.

हे ऐकताना मला माझं लहानपण आठवून राहिलं होतं, कारण ते थेंब मी पाहिलेत. टाकीवर बसून रामटेकला जाताना बाबा कुठेही थांबले की झाकणातून इंजिनवर पाणी शिंपडायचे आणि मी आपला समजायचो की हा गाडीचा नैवेद्यासारखा काहीतरी प्रकार आहे, जसं जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतात तसं. एकदा मीही केलं होतं, तर ओरडले होते, हात पोळंन म्हणून.

आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. बाबा पेट्रोलच्या बाबतीत इतके चिक्कट की उतारावर क्लच दाबून गाडी सोडतात, पण सिग्नलला गाडी कधीच बंद करायचे नाहीत, इंदोरा चौकात दोन-दोन मिनिटं घुर्रघुर्र चालूच. आईचं नेहमीचं बोलणं असायचं, तुमच्या बाबांना कोणाकडे पत्रिका द्यायला पाठवलं की अर्धा तास, दारातून देऊन येता येत नाही का. नाहीच येत. दारात बंद केली की बसणं आलंच. कामठीत एक सायकलवाला होता, त्याच्याकडे बाबांचा पेपर यायचा, म्हणजे घरी पेपर असूनही ते तिथं बसून दुसरा पेपर वाचायचे. लग्नाला गेले की पंगत उठून मांडववाले खुर्च्या गोळा करून राहिले तरी हे निवांत. आम्ही समजायचो माणूसच असा आहे, गप्पिष्ट. आता विचार करतो तर घरी काही ते एवढे गप्पिष्ट नाहीत.

रसवंतीवाला म्हणाला, "आमच्या पोट्ट्याले अपूर्णांक त्यायनंच शिकवले. कांडी तोडून. हा पाव, हा अर्धा, हा पाऊण. पाऊणवाली कांडी तोच खाऊन टाके." पोरगा आता बुटीबोरीला कंपनीत आहे म्हणे. बरोबर पंचवीस मिनिटांनी त्यानं मला हात केला, जा म्हणून. किक मारली. चालू.

घरी येऊन बाबांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं मग सांगितलं काऊन नाही. तर म्हणे, "सांगतलं ना. घाई नाही कराची म्हणून." एकदा मेकॅनिकले दाखवली होती म्हणे, तो म्हणाला इंजिन खोला लागंन. "मी म्हटलं कायले? दहा मिनिटाचाच त सवाल आहे." त्या वेळी दहाच होते.

आता बाबांना चालून गेलं असेल, मला नाही चालत. मला दिवसाला बारा-पंधरा दुकानं करायची असतात. पण एक झालं, आता मला माहीत होतं की हा आजार खरा आहे, जुना आहे आणि वाढत गेलाय, म्हणजे असा काहीतरी पार्ट आहे जो एका झटक्यात न जाता थोडाथोडा जातोय. आणि मेकॅनिकच्या दुकानात गाडी खोटं बोलते, तर तिला रस्त्यावरच, मेलेली असताना धरलं पाहिजे. बर्डीतून अडीचशेचा मीटर घेतला, प्लग पाना, एक जास्तीचा प्लग, जुनी बनियन, आणि डिक्कीत ठेवून दिलं सगळं.

पहिल्या वेळी मेली तेव्हा आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडलं. झाकणाला एक बारीक भोक असते, पेट्रोल खाली जाते तशी वर हवा आत यायला, ते धुळीनं बुजलं की टाकीत व्हॅक्युम होते आणि पेट्रोल उतरणं थांबते, मग झाकण उघडताना सूं असा आवाज येतो. इथं काही आवाज नाही. मग प्लग खोलला. टोक ओलं, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल येऊन राहिलंय, आणि ओव्हरचा इलाज तर दहा वेळा करून झालेला, तेव्हा इथेनॉलवाले आणि वाफवाले दोघंही घरी जाऊ शकतात. मग प्लगच्या जागी अंगठा दाबून हातानं किक दाबली, अंगठा उडाला, म्हणजे कॉम्प्रेशनही आहे.

हे कॉम्प्रेशनचं पाहणं महत्त्वाचं, कारण गरम गाडी चालू न होण्याचं ते एक मोठं कारण असते आणि बरेच जण विसरतात. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. त्याला लांब व्हायला जागा म्हणून टॅपिटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पार्टात) थंडपणी थोडी फट ठेवलेली असते, माझ्या गाडीच्या पुस्तकात ०.०५ मिलिमीटर लिहिलीय, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. वापरून वापरून व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत जातो, फट कमी होते, आणि मग तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, जरासा उघडा राहतो. पिस्टननं दाबलेली हवा तिथून पळते. अशी गाडी थंड झाली की एकदम बरी होते, म्हणजे लक्षणं अगदी माझ्या गाडीचीच. फरक एवढाच की तिची किक हलकी लागते, पाय सरकन खाली जातो. माझी किक जड होती, पोटरीला विचारा.

म्हणजे राहिला करंट. नवीन प्लग कॅपमध्ये घातला, हेडच्या फासळीला टेकवला (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येत असते, ठिणगी तिथंच पाडली तर भडका), आणि हातानं किक मारत सावलीत डोळे बारीक करून पाहिलं. काही नाही. परत. एक पिवळट, मरतुकडी ठिणगी, परत काही नाही. सकाळी थंड असताना पाहिली होती तेव्हा निळी, कडक, टिक् असा आवाज करणारी होती.

आता करंट कुठे मरतोय? सीडीआय तर नवा. राहिली टाकीखालची इग्निशन कॉइल, आणि डावीकडच्या कव्हराआत चुंबकाच्या मागं बसलेल्या कॉइली. इथं मला बाबांच्या थेंबांवरून सुचलं. पूर्ण गाडी थंड व्हायची वाट पाहण्यापेक्षा एकेक पार्टच थंड करून पाहू, ज्याला थंड केल्यावर उठेल तो चोर. आणि बरफ? रसवंतीच समोर.

तीन दिवस हा उद्योग केला. रोज रामटेकहून परत येताना रसवंतीसमोर गाडी बंद करायची, सात मिनिटं थांबायचं, मेली याची खात्री करायची, आणि मग पन्नीत बरफ घालून बनियनमध्ये गुंडाळून एका जागी लावायचा. पहिल्या दिवशी कार्बोरेटर. दहा मिनिटांनी किक, नाही. दुसऱ्या दिवशी टाकीखालची कॉइल, नाही. तिसऱ्या दिवशी डावं कव्हर. (हेडवर बरफ ठेवू नका, तापलेलं बीड न् ॲल्युमिनियम तडकू शकते. कव्हर तेवढं तापत नाही.) दहा मिनिटांनी किक मारली आणि गाडी धडधडून उठली. रसवंतीवाला चरक थांबवून पाहत राहिला. मी म्हटलं योगायोग असेल, चौथ्या दिवशी परत केलं. परत उठली. पंचवीसची जागा सतरा मिनिटांनी घेतली.

कव्हरातून निघणाऱ्या वायरींचा जॉइंट साइड पॅनलखाली असतो, त्यामुळे काही न खोलता तिथंच मीटर लावता येतो. त्यातली एक कॉइल सीडीआयला करंट पुरवते. सकाळी घरी थंड असताना तिचा रेझिस्टन्स मोजून ठेवला होता, २८७ ओहम. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानासोबत वाढतो, डिग्रीमागे साधारण ०.४ टक्के, म्हणजे साठ डिग्रीनं तापली तर साडेतीनशेच्या आसपास दिसायला पाहिजे. पाचव्या दिवशी मेलेल्या गाडीवर मीटर लावला तर स्क्रीनवर डाव्या बाजूला नुसता १. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली, सर्किटच नाही.

आधी वाटलं मीटरच बिघडला. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती, आठवते? मग कळलं की सेन्सरच बिघडला होता. तेव्हापासून उन्हात मोजणाऱ्यावर माझा भरोसा नाही. म्हणून मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या, शून्य आलं. मीटर बरोबर. परत कॉइलला लावला, १. मग मी पिना तशाच अडकवून बाकड्यावर बसलो आणि मीटर मांडीवर घेऊन त्या एककाकडे पाहत राहिलो. लोकं रस प्यायला येऊन राहिले, एक जण विचारतो ब्लडप्रेशर आहे का हे. बाविसाव्या मिनिटाला स्क्रीन फडफडली, ४००, मग १, मग ३३५, मग ३२८ वर थांबली. जॉइंट परत लावला, किक मारली. चालू. खरं सांगतो, दहावीचा रिझल्ट पाहताना झाला नव्हता एवढा आनंद झाला.

मग सगळंच कोडं सुटलं. चालत्या गाडीला समोरून वारा लागत असतो. बंद केली की वारा थांबतो पण हेडमधली धग कुठं जाणार, ती खाली-बाजूला पसरते. कढई गॅसवरून उतरवल्यावर तिचे कान मागाहून तापतात ना, तसं. म्हणून बंद करून लगेच किक मारली तर चालू होते, कॉइलपर्यंत धग पोचलेलीच नसते. सात मिनिटांनी पोचते, तांबं प्रसरण पावते, तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटतात. पंचवीस मिनिटांनी परत येऊन चिकटतात. शिवाय किकनं इंजिन फार हळू फिरते, त्या वेळी ही कॉइल मुळातच जेमतेम करंट देत असते, त्यामुळे चालू गाडीला जे चालून जाते ते किकला चालत नाही.

कॉइल काढायला चुंबक ओढायचा पुलर लागतो, तो मेकॅनिककडे होता, अर्ध्या तासात कॉइली बसवलेली प्लेट माझ्या हातात. इंजिन काही खोलावं लागलं नाही, नुसतं साइडचं कव्हर. नवीन प्लेट मिळाली असती पण कोणीतरी सांगितलं वाइंडिंग करून घे. महालातल्याच एका गल्लीत वाइंडिंगवाले काका आहेत, मे महिना म्हणजे त्यांचा सीझन, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे कूलरचे पंप न् पंख्याच्या मोटरी, प्रत्येकावर खडूनं नाव. माझी प्लेट पाहून म्हणाले, "चार दिवसांनी या, आधी लोकायचे कूलर." रास्त होतं. नवतप्यात कोणाचा कूलर थांबवून गाडीची कॉइल करणं पाप आहे.

चार दिवसांनी त्यांनी जुनी कॉइल उलगडून दाखवली. तार केसासारखी. आतून चांगली होती, पण जिथं ती पट्टीला झाळलेली होती तिथं हिरवट झालेली, झाळणात तडा, काकांनी टाचणीनं हलवली तर टोक हललं. "हे पाह्य, एवढंसंच." नवीन तार गुंडाळून, वार्निश लावून, बल्बखाली तापवून दिली. पैसे घेतले साडेतीनशे. तापवून मीटर लावून दाखवलाही, न विचारता. मेकॅनिककडे प्लेट बसवताना टॅपिटही पाहून घेतलं, तेही जरा टाइटच निघालं, पुढेमागे त्यानंही रडवलंच असतं.

पुढच्या दिवशी जूनची सुरुवात होती, ऊन तसंच. कामठीला थांबलो, दहा मिनिटं, किक, चालू. मनसरला चालू. रामटेकच्या बसस्टँडजवळ मुद्दाम बंद केली, मुद्दाम चालू केली. त्या दिवशी सोळा दुकानं झाली. कन्हानला रसवंतीसमोरून आलो, हात केला, थांबलो नाही. त्यानं ग्लास धुता धुता मान वर केली, बहुतेक मला पाहिलंही असेल.

घरी बाबांना सांगितलं, एका किकमध्ये होते आता, कितीही गरम असू दे. त्यांनी सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली, कॉइल, झाळण, ३२८ ओहम, सगळं. जुनी कॉइल हातात घेऊन चष्मा वर करून पाहिली.

"साडेतीनशेत झालं?"

"साडेतीनशेत. प्लेट काढायचे वेगळे."

"हं." मग बराच वेळ कूलरकडे पाहत बसले. मग म्हणे, "रविवारी मले कन्हानले नेशीन का?"

रविवारी सकाळी नेलं. मागं बसून सगळा रस्ता बघत होते. एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत तो डबल डेकर पूल झालाय, वर मेट्रो, २०२४ मध्ये सुरू झाला, त्याच्याखालून जाताना म्हणाले, "आता सावली केली लेकायनं. मी रिटायर झाल्यावर." कन्हानला रसवंतीवाल्यानं बाकडं पुसून दिलं, दोघांनी एकमेकांची तब्येत विचारली, गुडघे, शुगर, पोरगा. मला राहवलं नाही, मी सात मिनिटं झाल्याबरोबर उठलो आणि किक मारून दाखवली. चालू. बंद केली, परत मारली. चालू.

"दिसलं," बाबा म्हणाले. "बंद कर आता."

बंद केली. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, त्यात पाणी घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि दोन थेंब फासळ्यांवर टाकले. छन्न.

"बस," मला म्हणाले, आणि रसवंतीवाल्याला, "आण गा अजून एक एक."

"बाबा, आता गरज नाही थांबायची."

"बस म्हटलं ना."

दुसरा ग्लास आला. पोराचं लग्न कुठं जमून राहिलं, कोणत्या गावची पोरगी, तिचा आजा शाळेत बाबांच्या हाताखाली शिपाई होता की नव्हता यावर दोघांचा बराच वाद झाला. मी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं. शेवटी बाबा परत उठले, परत दोन थेंब टाकले. पाणी गुपचूप फासळीवरून ओघळत खाली गेलं.

"चाल," म्हणाले, आणि दुपट्टा बांधायला लागले.